प्रत्येक प्रश्नाआधीची घंटी

मी परदेशात गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत विमानाची वाट बघत बसायचा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं मला पुढच्या शिक्षणासाठी जागा दिली होती, खर्चाचीही सोय केली होती आणि अट एकच घातली होती: इंग्रजीच्या परीक्षेत पुरेसे गुण आणा. मी ती परीक्षा दोनदा दिली. वाचनात चांगले गुण पडले, व्याकरणात तर फारच चांगले. दोन्ही वेळा मी आडवा झालो तो ऐकण्याच्या भागात. जागा गेली, त्याचं वाईट वाटलं, रडलोही. पण त्या दोन परीक्षांच्या मधल्या दिवसांत जे कळलं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

तेव्हा आमचं शहर औरंगाबादच होतं. चिकलठाणा कारखान्यांनी भरलं होतं, वाळूजकडं रोज नवी चिमणी उभी राहत होती आणि खेड्यातून आलेली आमच्यासारखी पोरं कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा धरायला भांडत होती. दुसरीकडं नामांतराचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत पडला होता. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणारे आणि बदलून तर दाखवा म्हणणारे, दोघांचे मोर्चे त्याच रस्त्यावरून जायचे. आज मोर्चा, उद्या बंद, परवा जमावबंदी. आमच्या गावचे लोक बदलू नका म्हणणाऱ्यांतले. मी कोणातच नव्हतो. मला फक्त बंदच्या दिवशी क्लास बुडतो याचा राग यायचा.

मी इंजिनिअर होऊन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो होतो. तिथं स्कूटरचे पत्र्याचे भाग बनायचे आणि माझी नेमणूक प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेसच्या विभागात होती. प्रेस म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीचं यंत्र. वरून लोखंडाचा ठोकळा येतो, खालच्या साच्यावर ठेवलेला पत्रा दाबतो आणि परत वर जातो. अशी यंत्रं ओळीनं लावलेली, सगळी एकाच वेळी चालू. तो आवाज कानाला नाही, छातीला कळायचा. पहिल्या आठवड्यात घरी आल्यावर माझ्या डोक्यात रातकिडे ओरडायचे. पुढं ते थांबले, तेव्हा मला वाटलं, सवय झाली.

शॉपमध्ये तोंडानं कोणी बोलत नसे. बोलून उपयोग नव्हता. सगळा कारभार खुणांचा. मूठ छातीवर आपटली की फोरमन येतोय. दोन बोटं ओठांवर म्हणजे चहा. तळहात उलटा फिरवला की साचा नीट बसला नाही. नवीन माणसाला आधी खुणा शिकवायच्या, मग काम. मी महिन्याभरात सगळ्या खुणा शिकलो आणि मला त्याचा केवढा अभिमान! बाकीचे इंजिनिअर काचेच्या केबिनमधून बघायचे, मी मात्र कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलायचो. कानात घालायचे बोळे स्टोअरमध्ये होते, पण ते निघायचे फक्त कोणी तपासणीला आलं की. एरवी कोणी घातलेच तर बाकीचे खुणेनं विचारायचे, बाळंतीण झालास का? आमच्या शॉपमधला सगळ्यात जुना ऑपरेटर, ज्याला सगळे चाचा म्हणायचे, तो तर म्हणायचा की मशीनचा आवाज ऐकल्याशिवाय मशीन चालवताच येत नाही. मलाही ते पटलं होतं.

पहिल्या परीक्षेचा निकाल आला तसा मी औरंगपुऱ्यातल्या एका क्लासला नाव घातलं. एका दुकानाच्या माडीवर एक बाई इंग्रजी शिकवत. बाई पुण्याच्या, कडक आणि बोलायला तिखट. माझे गुण बघून त्या म्हणाल्या, "वाचता येतं, लिहिता येतं, ऐकता येत नाही. मराठी माध्यम ना? खेडेगाव? कान तयारच झालेले नसतात तुमचे. लहानपणी जे कानावर पडत नाही ते पुढं जन्मात पडत नाही."

एरवी कोणी माझ्या गावाबद्दल चकार शब्द काढला तरी मी अंगावर जायचो. पण हे मी मुकाट्यानं ऐकून घेतलं, कारण ते मला खरंच वाटलं. पुरावा समोर होता. इंग्रजी बोलणारी माणसं टेपमध्ये काहीतरी गिळून बोलायची. शब्दांची शेपटं नसायची. स, फ, थ असले बारीक आवाज तर ते लोक उच्चारतच नाहीत, असं माझं ठाम मत झालं होतं. मी ते वर्गात बोलूनही दाखवलं आणि कॉन्व्हेंटमधल्या दोन मुली तोंड दाबून हसल्या.

बाईंनी सरावाच्या कॅसेट स्वतः तयार केल्या होत्या. मूळच्या टेपवरून एकेक संवाद घ्यायचा, मागून प्रश्न घ्यायचा, मग उत्तर लिहायला थोडी मोकळी जागा. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून हे सगळं माडीवरच भरलेलं, त्यामुळं दोन अमेरिकन माणसं वाचनालयाबद्दल बोलत असताना मागं औरंगपुऱ्यातल्या रिक्षांची घरघर ऐकू यायची. रिक्षा मला स्पष्ट ऐकू यायच्या. तेवढ्यावरून मी समजायचो की कान ठणठणीत आहेत, खोट आहे ती इंग्रजीत.

टेपरेकॉर्डर माझ्याकडं नव्हता. तो माझ्या मित्राचा. हा मित्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करत इंग्रजीत एम. ए. करत होता. नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्याच्या गावातलं त्यांचं घर जळलं, तेव्हापासून सगळं कुटुंब शहरात. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारल्यावर. टेपरेकॉर्डर त्यानं चळवळीची गाणी वस्तीत लावायला घेतला होता. मोर्चा असला की तो मोर्चात, नसला की रविवारी मुकुंदवाडीला माझ्याकडं. तो माझ्यासारखाच मराठी शाळेतला, माझ्यासारखाच खेड्यातला. पण टेपमधलं त्याला सगळं कळायचं आणि मला नाही. याचा मला किती राग यायचा ते मी कुणाला सांगितलं नाही.

"तुला कसं कळतं रे?" मी एकदा विचारलंच.

"मला तरी कुठं सगळं कळतं? पण शब्द तर ऐकू येत्यात की."

"मला शब्दच ऐकू येत नाहीत."

"आवाज वाढव मग," तो म्हणाला. मी वाढवला. शेजारची बाई भिंतीवर थापट्या मारायला लागली, पण माझ्या पदरात काही जास्त पडलं नाही. रिक्षा तेवढ्या मोठ्या झाल्या.

घरात आई आणि मी. वडील आणि थोरला भाऊ पैठणकडच्या गावात मेंढरांमागं, आई माझ्या भाकरीसाठी शहरात आलेली. मेंढरांमागं फिरलेल्या माणसांना हळू बोलणं माहीत नसतं. या बांधावरून त्या बांधावर हाक द्यायची सवय, तीच घरात. आई मीठ मागायची ती सुद्धा नदीपलीकडच्याला ऐकू जाईल अशी. शेजारीपाजारी आम्हाला हसायचे. आईचं मला सगळं ऐकू यायचं, कारण तिचं सगळ्या गल्लीलाच ऐकू जायचं. एका गोष्टीवरून मात्र ती कुरकुरायची. ती नळावर गेली आणि कुकर गॅसवर असला की मी शिट्ट्या मोजायच्या, असं ठरलेलं. आणि दर वेळी डाळ लागायची.

"कुकर बोंबलतोय आन् हा बसलाय गोऱ्यांचं ऐकत," ती म्हणायची. "लई बुडालास बाबा त्या अभ्यासात."

मला ते ऐकून बरं वाटायचं. अभ्यासात बुडालेला मुलगा!

मग तो बंदचा दिवस आला. आदल्या दिवशी कुठं तरी दगडफेक झाली होती आणि सकाळपासून शहर मिटलेलं. कंपनीची बस आली नाही. मित्र आदल्या संध्याकाळी माझ्याकडं आला होता, तो परत जाऊ शकला नाही. रस्त्यावर एक रिक्षा नाही, स्टेशनवर गाडी नाही, गल्लीतली पोरंसुद्धा घरात कोंडलेली. इतकी शांतता मुकुंदवाडीत मी कधी अनुभवली नव्हती. मित्र म्हणाला, "असा दिवस परत मिळायचा नाय. चल, पूर्ण कॅसेट लावू." मी वही घेऊन बसलो. आई दारात गहू निवडत होती.

कॅसेट सुरू झाली आणि माझं नेहमीचं रडगाणंही. पहिला संवाद सुरू झाला तेव्हा मी अजून पेनाचं टोपण काढत होतो. दुसरा सुरू झाला तेव्हा पहिल्याचं उत्तर खोडत होतो. दर वेळी पहिलं वाक्य हातातून जायचं आणि पहिल्या वाक्यातच सगळा विषय असायचा. मी वही आपटली.

"ह्या लोकांना काही रीतच नाही! न सांगता न सवरता मध्येच बोलायला लागतात. माणसानं सावध व्हायचं कसं?"

आईनं सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, "न सांगता कसं? घंटी देत्यात की आधी."

"कसली घंटी?"

"ती बारकी. देवापुढची असती तसली. घंटी वाजती, मग ते दोघं बोलत्यात, मग परत घंटी. मी तर दर खेपेला ऐकती. मला वाटलं, इंग्रजांतबी पूजा करून अभ्यास करत्यात काय."

मी हसलो. आईला टेपमधलं काय कळणार, असं माझ्या मनात आलं. मी हसत मित्राकडं बघितलं. तो हसत नव्हता.

"हाय की घंटी," तो म्हणाला. "प्रत्येक प्रश्नाआधी हाय. बाईंच्या देवघरातली असणार. मला वाटलं तुला माहीत हाय."

"चेष्टा करू नको."

त्यानं टेप मागं फिरवली. बटण दाबलं आणि एक बोट वर धरून थांबला. टेपमध्ये रिक्षांची घरघर होती. त्याचं बोट खाली आलं. पाठोपाठ अमेरिकन बाई बोलायला लागली. त्यानं परत मागं फिरवलं. घरघर, बोट खाली, बाई बोलायला लागली. मी कान टेपच्या जाळीला लावला. जाळी माझ्या गालाला थरथरत लागत होती. दारातून आई म्हणाली, "आत्ता वाजली बघ."

मला काही ऐकू आलं नव्हतं.

मी टेप बंद केली, परत लावली, आवाज शेवटपर्यंत नेला. आई सूप ठेवून आत आली आणि माझ्याकडं बघत राहिली. मग ती देवळीतल्या देवापुढं गेली, आमच्या देवाची पितळी घंटी उचलली आणि माझ्या पाठीमागं उभी राहिली. मला ते माहीत नव्हतं. मित्राचा चेहरा बदलला म्हणून मी मागं वळलो. आई घंटी हलवत होती. तिच्या हातात ती हलत होती, म्हणून मला अगदी पुसट, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा काहीतरी किणकिणाट कळला. ती थांबली. थांबल्यावर काय फरक पडला ते मला सांगता येईना.

"आरं देवा," आई म्हणाली. तिच्या तोंडून इतका हळू शब्द मी पहिल्यांदाच बघितला. हो, बघितलाच. ओठ हलले तेवढेच.

बंद उठल्यावर मित्रच मला घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. मी अजून अडून बसलो होतो. कानात मळ असेल, सर्दी असेल. त्याला म्हणालो, तुमच्या मोर्चाच्या घोषणा मला क्रांती चौकातून पार स्टेशन रोडवर ऐकू येतात, आणि मी बहिरा? तो म्हणाला, "आमच्या घोषणांचं सांगू नको. त्या ऐकू न येणारा कुणीच नाय, तरीबी बघ." एवढं बोलून तो रांगेत उभा राहिला.

तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कानात बघितलं, मळबिळ काही नव्हता. मग एका छोट्या खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन लावला आणि सांगितलं की आवाज आला की बोट वर करायचं, कितीही बारीक असला तरी. काचेपलीकडं त्या एका यंत्रापुढं बसल्या. पहिल्यांदा घूं घूं आवाज आला, मी बोट वर केलं. मग थोडा वरच्या पट्टीतला, तोही आला. मला हुरूप आला. म्हटलं, बघा, येतंय सगळं. मग आवाज थांबले. मी बोट तयार ठेवून बसलो. बाई बटणं फिरवत होत्या, मध्येच काहीतरी लिहीत होत्या. मी वाट बघितली. शेवटी न राहवून काचेवर टकटक केली.

"मॅडम, मशीन बंद पडलं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बघण्यात रागबिग काही नव्हता. त्या उठून आत आल्या, हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "नाही. चालूच होतं."

त्यांनी मला विचारलं, काम काय करता. मी सांगितलं. कधीपासून, तेही सांगितलं. कानात काही घालता का? मी नाही अशी मान हलवली. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: मोठ्या दणक्यानं कानाच्या आतली बारीक आवाजाची जागा आधी मरते. जाडे आवाज येत राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपलं नीट आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. स, फ, थ हे बारीक आवाजच. म्हणजे टेपमधले लोक काही गिळत नव्हते. ते सगळं नीट उच्चारत होते, शेपटासकट. मी खेड्यातला म्हणून नाही, मराठी शाळेतला म्हणून नाही. माझ्या कानांना काय झालंय हे शोधायच्या ऐवजी मी महिनोन्‌महिने माझ्या आईबापाला, माझ्या गावाला, माझ्या शाळेला मनातल्या मनात दोष देत बसलो होतो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी मटकन बसलो. पाठीमागून कुणी लाथ घालावी आणि वळून बघितलं तर कुणीच नसावं, तसं.

मित्र शेजारी बसला होता. मला वाटलं, आता हा परीक्षेचं बोलेल, जागेचं बोलेल. पण त्यानं विचारलं,

"तू तिथं किती दिवसाचा हायस? चार-पाच वर्षं?"

"हो."

"आन् बाकीचे?"

मला पहिल्यांदा त्याचा प्रश्नच कळला नाही. मी माझ्या कानाचा विचार करत होतो, माझ्या अमेरिकेचा. त्यानं परत विचारलं, माझ्या तोंडासमोर येऊन, सावकाश. "गड्या, त्या मशीनीवर बाकीची माणसं किती दिवसाची हायत?"

चाचा तर कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचा. ओळीतले बहुतेक सगळे माझ्या आधीचे.

दुसऱ्या दिवशी मी मित्राचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून कंपनीत नेला. जेवणाच्या सुट्टीत शॉपमधली यंत्रं थांबलेली असायची आणि कँटीन शॉपपासून लांब, मोकळ्या जागेत. तिथं काही आवाज नसायचा. मी दारात उभा राहिलो आणि इतकी वर्षं रोज बघितलेलं दृश्य मला पहिल्यांदा दिसलं. आमच्या शॉपची माणसं एका टेबलावर बसून खुणांनी जेवत होती. एकानं चिमूट दाखवून मीठ मागितलं. दुसऱ्यानं बोट गोल फिरवून आणखी पोळी मागितली. शेजारच्या पेंट शॉपच्या टेबलावर नुसता कलकलाट होता. आमची माणसं कामात मुरलेली, म्हणून कँटीनमध्येही सवय जात नाही, असं मी समजत आलो होतो आणि कौतुकानं इतरांना सांगितलंही होतं.

मी टेपरेकॉर्डर टेबलाच्या मध्यभागी ठेवला. सगळे खूश झाले. साहेब गाणी लावणार! मी मोठ्यानं, हातवारे करून सांगितलं की गाणी नाहीत, एक गंमत आहे. यात मधून मधून घंटी वाजते. ज्याला ऐकू येईल त्यानं हात वर करायचा. बस, एवढंच. आमटी वाढणारी मावशी जवळच होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, तुम्हीपण. घंटी वाजली की हातातली पळी वर धरा." कारण ती वाजली की नाही हे मला कसं कळणार होतं? मला दुसऱ्या कुणाच्या तरी कानांनी ऐकावं लागणार होतं.

मी बटण दाबलं.

माणसं पुढं वाकली. कुणी कानाला हात लावला, कुणी डोळे मिटले, कुणी शेजाऱ्याला कोपर मारून आधी हात वर करायची तयारी केली. हसत होती सगळी. टेपमधून रिक्षांची घरघर यायला लागली. मावशीची पळी वर गेली. अमेरिकन बाई काहीतरी बोलली, पुरुष काहीतरी बोलला, प्रश्न झाला. परत घरघर. मावशीची पळी परत वर गेली. तिनं टेबलाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. पळीतून आमटी तिच्या मनगटावर ओघळत होती. पळी खाली आली, परत वर गेली.

टेबलावर एकही हात हलला नाही.

चाचानं मान वर केली. दोन्ही हात तयारीत टेबलावर ठेवलेले, तोंडावर हसू. तो त्याच्या नेहमीच्या आवाजात, सगळ्या कँटीनला ऐकू जाईल असं म्हणाला, "क्या साब, कब चालू करते घंटी? खाना ठंडा होरा ना."